फॉरमॅट मारण्याआधी

खांडेनवमीला आपल्याकडे हत्यारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. वजनकाटा, शिलाई मशीन, पान्हे, आणि त्यांच्या शेजारी मॉनिटर अन् कॅबिनेट. कॅबिनेटवर हळदी-कुंकवाची बोटं उमटतात, वर झेंडूचं फूल आणि आपट्याची पानं. त्या दिवशी दुकानदार सगळं बाहेरून लख्ख पुसून घेतो. आतला भाग मात्र तसाच राहतो. बाजूचं झाकण दोन स्क्रूंवर असतं, पण वर्षानुवर्षं ते कोणी उघडत नाही. या लेखाचा विषय त्या झाकणाच्या आत आहे: प्रोसेसर आणि त्याच्यावरचा हीट सिंक (उष्णता ओढून हवेत टाकणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये लावलेली, आता वाळून खपली झालेली थर्मल पेस्ट, आणि ती नीट पुसून काढण्याचं काम.

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. तालुका कापसाचा, सोबत सोयाबीन आणि तूर. पूर्वेला वणी, तिथला वेस्टर्न कोलफिल्ड्सचा कोळसापट्टा, राजूरच्या चुनाभट्ट्या, आणि वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा, म्हणजे देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या मुलखांपैकी एक. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला जोर चढतो, जिनिंग सुरू होतात आणि रुईचे तंतू हवेत तरंगत राहतात. उन्हाळ्यात रस्त्यांचा फुफाटा उडतो. त्यात कूलर आला. एप्रिल ते जून कूलरशिवाय इथे दुकानात बसवत नाही, आणि कूलर खोलीत सोडतो ती ओल्या ताट्यांतून ओढलेली दमट हवा. कॉम्प्युटरचा पंखा तीच हवा आत घेतो. धूळ, रुई आणि ओल एकत्र आली की हीट सिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा घट्ट थर बसतो. तो ब्लोअरने उडत नाही, चिमट्याने सोलून काढावा लागतो.

या गावांत कॉम्प्युटर आला तो कामासाठी. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केलं आणि तालुक्याच्या ठिकाणी क्लासच्या पाट्या लागल्या. मग सातबारा कॉम्प्युटरवर गेला, दाखले सेतूतून आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्रांतून मिळू लागले. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, बोटांचे ठसे देऊन. केंद्रांसमोर रांगा लागल्या त्या रात्रीपर्यंत हटल्या नाहीत. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीक विमा दिला तेव्हाही जुलैअखेर तीच धावपळ. अशा दिवशी केंद्रातला एक कॉम्प्युटर बसला, तर मार्डीहून किंवा कुंभ्याहून आलेल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचं भाडं वाया जातं आणि उद्या पुन्हा यावं लागतं. प्रोसेसरवरचा वाळलेला ठिपका आणि शेतकऱ्याची बुडालेली मजुरी यांचा संबंध इतका थेट आहे, आणि म्हणूनच मला हा विषय किरकोळ वाटत नाही.

दुरुस्तीच्या दुकानात तक्रार येते ती ठरलेल्या शब्दांत. ‘भाऊ, चालू होते अन् धा मिनिटांत बंद पडते.’ किंवा, ‘लय हळू चालून राह्यला. व्हायरस आला असंल, फॉरमॅट मारून द्या.’ फॉरमॅट हे या धंद्यातलं रामबाण मानलं गेलेलं औषध आहे. पोट बिघडलं की जुलाब द्यायचे, तसं कॉम्प्युटर मंदावला की फॉरमॅट. दुकानदारही मारून देतो, कारण गिऱ्हाइकाला ते समजतं आणि त्याचे पैसे मिळतात. सकाळच्या गारव्यात नवी विंडोज टाकलेलं यंत्र झरझर चालतं आणि सगळ्यांचं समाधान होतं. दुपारी केंद्रात बसवलं, की दोनच्या सुमारास पुन्हा तेच.

होतं असं. प्रोसेसरमध्ये स्वतःचं तापमान मोजायची सोय असते. ठरलेल्या मर्यादेला, बहुतेक इंटेल प्रोसेसरमध्ये साधारण १०० अंश सेल्सिअसला, तो पोहोचला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. वापरणाऱ्याला तेच ‘हळू चालून राह्यला’ म्हणून दिसतं. वेग कमी करूनही उष्णता आवरली नाही, तर यंत्र जळू नये म्हणून वीज तोडली जाते. म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःला वाचवलेलं असतं आणि आपण त्याला व्हायरसचा रोगी ठरवतो.

ही सोय नेहमी नव्हती. एमएस-सीआयटी सुरू झालं त्याच वर्षी, २००१ मध्ये, टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत काढली होती. चालत्या कॉम्प्युटरवरून हीट सिंक उचलला, तर काय होतं? पेन्टियम ४ रखडला, पण चालत राहिला. पेन्टियम ३ जागीच अडकला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला. जुन्या मेकॅनिक मंडळींना पंखा बंद पडून मेलेले प्रोसेसर आठवतात ते याच काळातले. त्याआधी ४८६ पर्यंतची बरीच यंत्रं पंख्याशिवायच चालत. पेन्टियम आला आणि चिपच्या डोक्यावर पंखा ही नेहमीची गोष्ट झाली.

आता पेस्टचं काम काय, ते पाहू. प्रोसेसरची धातूची पाठ आणि हीट सिंकचा तळ दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण बारकाईने पाहिलं तर दोन्हींवर चढउतार असतात. एकमेकांवर दाबून बसवले तरी ते काही ठिकाणीच टेकतात, बाकी जागेत हवा अडकते. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर हवेची ०.०२६ भरते, जवळजवळ पंधरा हजार पटींचा फरक. पेस्टची क्षमता स्वस्त पांढऱ्या पेस्टमध्ये १ च्या आसपास, चांगल्या पेस्टमध्ये ४ ते ८ किंवा थोडी जास्त. तांब्यापुढे ती काहीच नाही, पण तिची तुलना तांब्याशी करायचीच नाही. ती हवेची जागा घेते, एवढंच तिचं काम.

कागदावर गणित मांडलं तर ते डोळ्यांत भरतं. प्रोसेसरची पाठ ३ सेंटीमीटर बाय ३ सेंटीमीटर, उष्णता ६५ वॅट, मधली फट ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. फटीत ४ क्षमतेची पेस्ट असेल तर दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक पडतो जेमतेम १ अंशाचा. त्याच फटीत फक्त हवा असेल, तर फरक जवळजवळ १४० अंशांचा होईल. प्रत्यक्षात कुठे ना कुठे धातू धातूला टेकतोच, म्हणून एवढं टोक गाठलं जात नाही. पण पेस्ट आटली, तडकली आणि तिच्या भेगांत हवा शिरली, की यंत्राचा प्रवास त्या दिशेने सुरू होतो.

पेस्ट वाळते कशी? साध्या पेस्टमध्ये सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइडची किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड कालवलेली असते. यंत्र तापलं की धातू किंचित फुगतात, थंड झालं की आकसतात. दर वेळी फटीतली पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते, आणि तेलही हळूहळू वेगळं होऊन निघून जातं. मागे राहते ती कोरडी भुकटी. वीज वारंवार जाते-येते तिथे हे फुगणं-आकसणं जास्त वेळा होतं. तापमान जितकं चढं, तितकं तेल लवकर सुटतं.

इथेच मारेगाव आणि पुणे यांतला फरक सुरू होतो. हीट सिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही, तो उष्णता टाकतो ती त्याच हवेत. समजा, पूर्ण कामावर असलेला प्रोसेसर आजूबाजूच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. पुण्यातल्या २८ अंशांच्या खोलीत तो ७३ वर राहील. मारेगावात टिनाखालच्या खोलीत दुपारी ४३ अंश असतील, तर तोच ८८ वर. आता पेस्ट वाळल्यामुळे आणखी १५ अंशांची भर पडली असं धरा. पुण्यातला प्रोसेसर ८८ वर जाऊन निमूट चालत राहील, मालकाला पत्ताही लागणार नाही. मारेगावातला १०३ वर जाईल, म्हणजे रखडेल किंवा बंद पडेल. यंत्र तेच आणि पेस्टही तीच. म्हणून ‘पेस्ट सहा-सात वर्षं बदलायची गरज नाही’ हा सल्ला गार खोलीत बसलेल्यांसाठी ठीक आहे. माझ्या मते या भागात रोज आठ-दहा तास चालणारं यंत्र दोन उन्हाळ्यांआड उघडायलाच हवं.

पण उघडायचं म्हणजे थेट हीट सिंक उपटायचा नाही. आधी धूळ. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं आणि मगच ब्लोअर मारायचा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. हीट सिंकच्या पात्यांमधला थर काढला की निम्म्या यंत्रांचं दुखणं तिथेच संपतं, हा दुरुस्तीवाल्यांचा नेहमीचा अनुभव. तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाकून आकडे पाहावेत. ते ठीक असतील, तर पेस्टला हात लावू नये. ज्याला झोप लागली आहे त्याला उठवून औषध पाजण्यात अर्थ नाही.

आकडे चढेच राहिले, तर मग कामाला लागायचं. यंत्र आधी पाच-दहा मिनिटं चालवून घ्यावं, म्हणजे पेस्ट थोडी मऊ होते. मग बंद करून वायर काढायची आणि चालू करायचं बटण एकदा दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. इंटेलच्या कंपनीतून आलेल्या गोल हीट सिंकला प्लास्टिकचे चार पाय असतात. त्यांच्या डोक्यावर बाणाची खूण असते. त्या दिशेने पाव वळसा देऊन एकेक पाय वर ओढायचा. हे पाय जुने झाले की उष्णतेने ठिसूळ होतात. एक जरी तुटला तरी हीट सिंक एका बाजूने उचललेला राहतो, आणि मग पेस्ट कितीही महाग लावली तरी उपयोग नाही.

एएमडीच्या एएम ४ सॉकेटच्या यंत्रात धोका वेगळा. तिथे पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेट त्यांना नुसतं चिमटून धरतं. वाळलेली पेस्ट डिंकासारखी चिकटली असेल, तर हीट सिंक सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर येतो आणि पिना वाकतात. हीट सिंक हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवत राहायचा, पकड सुटल्याचं हाताला कळतं, मग उचलायचा. वाकलेली पिन सुईने किंवा मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकाने सरळ करता येते, पण दुसऱ्यांदा वाकली की ती बहुधा मोडतेच. इंटेलने २००४ मध्ये सॉकेट ७७५ आणलं तेव्हापासून त्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या पिना मदरबोर्डावर गेल्या. तिथे प्रोसेसर उपटला जात नाही, पण पुसताना कापडाचा धागा सॉकेटमध्ये अडकला तर मदरबोर्डच जातो. म्हणून तिथे प्रोसेसर सॉकेटमध्येच, त्याला धरून ठेवणारी पट्टी लावलेली असताना पुसावा.

आता पुसणं. पहिला हात कोरड्या कापडाचा. सुटी भुकटी कडेकडून मध्याकडे ओढायची. मध्यापासून कडेकडे ढकलली की ती खाली बोर्डावर सांडते. घट्ट बसलेल्या थराला जुन्या एटीएम कार्डाची किंवा सिमकार्डाच्या चौकटीची कड चालते. ब्लेड आणि स्क्रूड्रायव्हर चालत नाहीत. चरा पडला की तिथे पुन्हा हवा बसणार, म्हणजे जी फट भरायची तीच आपण हाताने खोदल्यासारखं. मग कापडाच्या कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्यायचे, डागावर टेकवून थोडं थांबायचं आणि पुसायचं. कापड राखाडी होतं. दुसरा कोपरा घ्यायचा, मग तिसरा. कापड जसं गेलं तसंच स्वच्छ परत आलं, की झालं. हीट सिंकच्या तळालाही हीच वागणूक, आणि तांब्याच्या तळावर तर जास्तच वेळ लागतो, कारण घासकामाच्या बारीक रेघांत पेस्ट रुतून बसलेली असते. शेवटी पृष्ठभाग खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दाखवतो. त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की सगळं काम पुन्हा.

कापड कोणतं, हा प्रश्न कापसाच्या मुलखात महत्त्वाचा आहे. हाताशी सगळीकडे कापूस, म्हणून सहज कापसाचा बोळा उचलला जातो, आणि तोच इथे चालत नाही. त्याचे तंतू पृष्ठभागावर राहतात आणि नव्या पेस्टमध्ये अडकतात. चष्म्याचं कापड उत्तम. नाहीतर धुवून धुवून विरलेलं, तंतू न सोडणारं धोतराचं फडकं. कोपऱ्यांतल्या बारीक भागांभोवती कान साफ करायची काडी चालते, पण नंतर भिंगातून एकदा नजर टाकावी.

द्रावणाबद्दलही गैरसमज फार. गावात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीएची, म्हणजे याच आयसोप्रोपिल अल्कोहोलची, बाटली असतेच. तीच हवी, शक्यतो ९९ टक्क्यांची. करोनाच्या काळात घरोघरी आलेलं सॅनिटायझर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या सॅनिटायझरमध्ये हातांसाठी ग्लिसरीन असतं, आणि ग्लिसरीन उडून जात नाही, त्याचा पापुद्रा मागे राहतो. रॉकेल आणि पेट्रोलही तेलकटपणा सोडतात. थिनर प्लास्टिक खातो. एक गोष्ट मात्र आयपीएबद्दलही बजावून सांगावी लागते: तिची वाफ साधारण १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते, म्हणजे विदर्भात बाराही महिने. शेजारी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवून बाटली उघडी ठेवणारी दुकानं कमी नाहीत. ते आधी थांबवा.

लॅपटॉपचं दुखणं आणखी नाजूक. तिथे प्रोसेसरला धातूची टोपी नसते, उघडी काचेसारखी चिप असते, आणि आजूबाजूला तिळाएवढे कपॅसिटर. जोर लावला की कोपरा उडतो. शेजारच्या मेमरी चिपांवर जाड मऊ पट्ट्या असतात. त्या काढून तिथे पेस्ट थापायची नाही, कारण ती फट पेस्टच्या आवाक्यातली नसते. आणि डेस्कटॉपवरच्या धातूच्या टोपीच्या आतही एक थर असतो. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलने कित्येक वर्षं तिथे झाळणाऐवजी पेस्टच वापरली. तोही वाळतो, पण टोपी उघडायच्या नादी लागू नये. एखादं यंत्र सुधारेलही, पण प्रोसेसर कायमचा जाण्याचा धोका मोठा.

टूथपेस्ट लावून दिलेली यंत्रंही दुकानांत येतात. सुरुवातीला ती चालतात, कारण पाणी असेपर्यंत फट भरलेली असते. पाणी उडालं की संपलं. दुसऱ्या टोकाला गॅलियमचा द्रवधातू. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तो वापरला आणि हौशी मंडळींना त्याचं वेड लागलं. पण गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरून ठिसूळ करतं, आणि आपल्या गावांतले बहुतेक हीट सिंक अ‍ॅल्युमिनियमचेच. मोठ्या यंत्रांची बात वेगळी. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसलेला परम ब्रह्म हा महासंगणक तर प्रोसेसरला थेट द्रवाने थंड करतो. परम मालिकेची सुरुवात करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, याच वऱ्हाडी उन्हात वाढलेले. मारेगावच्या सेवा केंद्राला मात्र मध्यम प्रतीची, वीज न वाहणारी पेस्ट पुरते. मटारच्या दाण्याएवढा थेंब मध्यावर, हीट सिंक सरळ खाली, आणि चारही पाय एकाआड एक तिरक्या क्रमाने बसवायचे.

पेस्ट लावायला अर्धं मिनिट लागतं. उघडणं, सोलणं, पुसणं आणि पुन्हा बसवणं यात तास जातो. आणि नेमक्या याच तासाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. ‘पुसायचे कायचे पैसे भाऊ? पेस्टचे घ्या ना.’ पेस्टची ट्यूब दिसते, तिला किंमत आहे. फॉरमॅटला दर आहे, पडद्यावर टक्केवारी सरकताना दिसते. पुसणं म्हणजे घरकामासारखं, कोणीही करतो असं मानलेलं. परिणाम असा होतो, की दुकानदार पुसत नाही. वाळलेल्या थरावरच नवा ठिपका टाकतो, हीट सिंक दाबून बसवतो आणि यंत्र परत देतो. थर दुप्पट जाड, खालची भुकटी तशीच. मला त्या दुकानदाराला दोष देववत नाही. ज्या श्रमाला आपण दर देत नाही, तो श्रम आपल्याला मिळत नाही. यवतमाळ-वणीच्या दुकानांत दराची पाटी असते: फॉरमॅट, अँटिव्हायरस, प्रिंटर रिफिल. त्यात ‘आतली सफाई व पेस्ट’ अशी वेगळी ओळ हवी, फॉरमॅटपेक्षा वरच्या दराची, आणि सेवा केंद्रचालकांनी ती मागून करून घ्यावी.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. सुटे भाग आणि माहितीपत्रकं कंपन्यांनी खुली करावीत, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. तिकडे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढून घेतला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक यंत्रं विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. शहरांतल्या कंपन्या टाकून देतात ती यंत्रं तालुक्याच्या गावांत येऊन नव्याने नोकरीला लागतात, आणि ती बहुतेक याच वयाची. लिनक्स टाकून ती आणखी पाच वर्षं सहज चालतील. फक्त त्यांच्या डोक्यावरची पेस्ट पहिल्या मालकाने कधीही बदललेली नसते, म्हणून जुनं यंत्र विकत घेतलं की पहिला खर्च तिचा धरावा.

हे काम करून घ्यायची वेळ होळीच्या आधीची. तेव्हा कापसाचा हंगाम उतरलेला असतो, रुई हवेतून बसलेली असते, आणि ऊन अजून डोक्यावर आलेलं नसतं. काम झालं की यंत्र लगेच न्यायची घाई करू नये. अर्धा तास पूर्ण जोरात चालवून आकडे पाहावेत, आधीचे आणि नंतरचे कागदावर मागून घ्यावेत. आणि मेकॅनिकला सांगावं, झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, पेस्टचं नाव आणि त्या वेळचं तापमान लिहून ठेव, म्हणजे पुढे हे झाकण जो कोणी उघडेल त्याला अंदाजाने काम करावं लागणार नाही.